चिनार नाहीत म्हणून शरद नाही?

नवरात्र संपत आले की कल्याणपुढच्या आमच्या पट्ट्यातल्या छायाचित्रकार मंडळींत एकच चर्चा सुरू होते: यंदा कुठे जायचे? श्रीनगर, पहलगाम, आणि ज्यांना परवडते त्यांच्यासाठी जपान किंवा कॅनडा. इथेच का नको, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर म्हणजे इमारती, विजेच्या तारा आणि धुरकट आकाश. आपल्याकडे शरदाचे रंग नसतातच. ऑक्टोबर म्हणजे नुसते ऊन आणि घाम.

हे मत नवशिक्यांपुरते असते तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण शनिवार-रविवारच्या कार्यशाळांत शिकवणारेही तेच सांगतात. सकाळी आठनंतर कॅमेरा बॅगेत ठेवा, चौकटीचे तीन भाग करा, तार दिसली तर जागा बदला, फोटो फिका आला तर घरी जाऊन रंग वाढवा. शिकणारे निमूटपणे वहीत उतरवून घेतात, बदलापूरच्या शेताकडे पाठ फिरवतात आणि विमानाच्या तिकिटासाठी पैसे साठवू लागतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण इतकी तंतोतंत लागू पडणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. आपली शरदातली निसर्गचित्रे निर्जीव येतात याचा दोष जागेकडे जात नाही. दुसऱ्या अक्षांशावरच्या उजेडासाठी आणि दुसऱ्या प्रकारच्या भूमीसाठी बनलेले नियम आपण इथे जसेच्या तसे लावतो आणि ते लागू पडले नाहीत की जागेला नावे ठेवतो. चौकट कशी बांधायची आणि उजेड किती घ्यायचा, हे दोन्ही याच जागेकडून शिकता येते. कसे, ते एकेक आक्षेप घेऊन सांगतो.

‘इथे रंगच नाहीत’

उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत ऑक्टोबरमध्ये पाने लाल-पिवळी होतात, कारण दिवस झपाट्याने लहान होतो, थंडी पडते, पानातले हरितद्रव्य मोडते, त्याखालचा पिवळा उघडा पडतो आणि लाल नव्याने तयार होतो. आपल्याकडे त्या वेळी तशी थंडीच नसते. आपला साग पाने टाकतो तो जानेवारीनंतर, आणि कुसुंबाची तांबडी पालवी येते ती थेट वसंताच्या तोंडावर. ऑक्टोबरमध्ये बदलापूरला लाल पाने शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परत येणार, हे उघड आहे. त्याने चुकीची वस्तू शोधली.

कोकणपट्टीचा शरद झाडांवर नसतो, तो गवतात आणि भातात असतो. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख आता ८ ऑक्टोबर मानली जाते. त्याच्या आगेमागे मलंगगड ते चंदेरी या रांगेवर काय घडते ते नीट पाहा. सोंडांवर आणि कातळावर माती हातभरही नसते, म्हणून तिथले गवत आधी वाळते आणि सोनेरी होते. घळींत माती जाड, ओल टिकून, म्हणून तिथला हिरवा रंग आणखी काही आठवडे राहतो. या दिवसांत सगळा डोंगर दुरंगी होतो: उंचवटे सोनेरी, खोलगट भाग हिरवे. डोंगराची घडण जणू कुणी रंगाने आखून दाखवावी अशी उघडी पडते. ऐन पावसाळ्यात सगळेच हिरवे असते आणि उन्हाळ्यात सगळेच करडे, तेव्हा हे दिसत नाही.

खाली खाचरांत तर याहून बारीक खेळ चालतो. हळवे भात सगळ्यात आधी पिकते, मग निमगरवे, आणि गरवे अगदी शेवटी. एकाच बांधाच्या अलीकडे कापणी झालेली तांबूस खुंटे, पलीकडे पिवळे पीक आणि त्याच्याही पलीकडे अजून हिरवे भात, असे तीन टप्पे शेजारी शेजारी दिसतात. बांधावर कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे, डोंगरात सोनकी आणि तेरडा, आणि ज्या वर्षी कारवीची सात वर्षांची पाळी येते त्या वर्षी उतारावर जांभळी झाक. मूळगाव, बारवी, कोंडेश्वर या वाटांवर हे सगळे बसने किंवा रिक्षाने पोहोचून पाहता येते. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ हे पुस्तक १९५६ साली काढले आणि आपल्या एकेका महिन्याचे रंग, वास, फुले नावानिशी टिपली. मराठी गद्याला जे तेव्हा दिसत होते, ते आज इतके कॅमेरे हाती असताना आपल्याला दिसू नये, याची खंत वाटते.

‘सोनेरी वेळ संपली की उजेड मेला’

दुसरा आक्षेप उजेडाचा. तो खोडण्यासाठी थोडे आकडे द्यावे लागतील, कारण इथे नियमाचा उगमच आकड्यांत आहे.

२० ऑक्टोबरच्या दुपारी लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून फार तर २८ अंश वर येतो. श्रीनगरात तो सुमारे ४५ अंशांवर असतो. बदलापुरात तो ६० अंशांवर असतो. म्हणजे युरोपातल्या पुस्तकाचा लेखक जेव्हा लिहितो की शरदात दिवसभर कललेला, मऊ उजेड मिळतो, तेव्हा तो त्याच्या गावापुरते खरेच सांगत असतो. सूर्य क्षितिजापासून १० अंश वर यायला त्याच्याकडे तासाहून जास्त वेळ लागतो. आपल्याकडे पाऊण तासही लागत नाही, कारण इथे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. ज्या वेळेला सोनेरी म्हणतात ती इथे त्याच्या तुलनेत खूपच आखूड आहे. तिथल्या हिशेबाने साडेसहाला घरातून निघालेला माणूस रेल्वे फाटक ओलांडून शेतावर पोहोचेपर्यंत ती संपलेली असते. म्हणून पहिली सूचना अशी: इथे जागा आदल्या दिवशी ठरवून ठेवावी आणि उजाडण्यापूर्वी तिथे उभे असावे. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्योदय साधारण साडेसहाला होतो, म्हणजे सहाला कॅमेरा तिपाईवर हवा.

पण खरा मुद्दा पुढचा आहे. सूर्य चढल्यावर उजेड मरतो, हे अर्धसत्य आहे. कललेले ऊन आडव्या पृष्ठभागाला घासून जाते, म्हणून सकाळी शेताचा प्रत्येक बांध, गवताची प्रत्येक काडी उठून दिसते. माथ्यावरचे ऊन हेच काम उभ्या पृष्ठभागावर करते. आणि आमच्या या पट्ट्यात उभे पृष्ठभाग भरपूर आहेत: चंदेरीचे आणि मलंगगडाचे सरळ तुटलेले कडे, आणि अंबरनाथचे शिवमंदिर.

हे मंदिर शके ९८२चे, म्हणजे इसवी सन १०६०चे. शिलाहार राजा छित्तराजाच्या काळात काम सुरू झाले आणि मुम्मुणीच्या काळात पुरे झाले. भिंतींवर इंच इंच कोरीव काम, सगळे काळ्या बेसॉल्टमध्ये. मंदिर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे एक लांब बाजू दक्षिणेला आणि एक उत्तरेला येते. आता ऋतूचा हिशेब करा. २३ सप्टेंबरच्या सुमाराला सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जातो. तिथून मार्चपर्यंत उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. दक्षिणेच्या भिंतीवर मात्र दुपारी वरून तिरपे ऊन उतरते. ऑक्टोबरच्या दुपारी ६० अंशांवरचा सूर्य त्या भिंतीला घासून जातो. मूर्तीच्या भुवईखाली, हनुवटीखाली, मेखलेच्या प्रत्येक मण्याखाली सावली पडते आणि दगड खोल दिसू लागतो. डिसेंबरात सूर्य ४७ अंशांपर्यंत खाली आलेला असतो, ऊन अधिक समोरून येते आणि तेच काम काहीसे सपाट दिसते. म्हणजे कार्यशाळा ज्या वेळेला बॅग बंद करायला सांगते, त्या वेळेला आणि त्याच ऋतूत या भिंतीचा उजेड सर्वांत चांगला असतो. उत्तरेच्या भिंतीवर दिवसभर मऊ, एकसारखी सावली मिळते; बारकावे नोंदवायला तीही उत्तम. पश्चिमेचे दार पाहायचे तर दुपार कलू द्यावी.

ऑक्टोबर हीटमध्ये काम करणे त्रासाचे असते, हे मला मान्य आहे. घाम येतो, स्क्रीनवर काही दिसत नाही, डोके दुखते. पण त्रास हा कॅमेरामागच्या माणसाचा आहे. त्याचे खापर उजेडावर फोडता येणार नाही.

‘एक्सपोजर काय, फोन घेतो सांभाळून’

तिसरे मत अलीकडचे आणि जास्त घातक आहे. यंत्र उजेडाचे माप स्वतः घेते, चुकले तर नंतर दुरुस्त करता येते, मग शिकायचे कशाला? याचे उत्तर मंदिराच्या त्याच भिंतीसमोर मिळते.

कॅमेऱ्यातला मीटर समोरचे सगळे काही मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो; छायाचित्रणात ती छटा १८ टक्के परावर्तनाची मानतात. काळा बेसॉल्ट त्याहून कितीतरी गडद असतो. चौकटभर भिंत घेतली की मीटरला वाटते उजेड कमी आहे, तो एक्सपोजर वाढवतो, आणि हजार वर्षांचा काळा दगड राखेसारखा भुरा येतो. उन्हातल्या कडा तर पांढऱ्याच होतात. इथे एक्सपोजर एक स्टॉप, कधी त्याहून थोडे जास्त, उणे करावे लागते. मग दगड काळा राहतो, उन्हातल्या कडा जिवंत राहतात, आणि सावलीतले काम रॉ फाइलमधून हवे तेवढे वर आणता येते. फोन असेल तर दगडावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढावी आणि शक्य असेल तिथे एचडीआर बंद करावे. फोन सावल्या उजळवतो, आणि इथे तर सावली हाच आकार आहे. ती उजळली की मूर्ती भिंतीत परत बुडते. हे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि अशा वास्तूंत तिपाईला परवानगी लागते, तेव्हा हाताने काढायची तयारी ठेवून आयएसओ वाढवावा. उन्हातल्या भिंतीवर त्याचीही फारशी गरज पडत नाही.

आता शेतावर या, चूक वेगळीच होते. सकाळचे कोवळे ऊन, दवाने जड झालेल्या लोंब्या, मागून येणारा उजेड. अशा चित्रात सरासरी हिस्टोग्राम अगदी व्यवस्थित दिसतो, डोंगर मधे, दोन्ही कडा मोकळ्या. घरी येऊन पाहावे तर पिकाचा सगळा पट्टा एकजीव पिवळा, दाणा दाण्यापासून वेगळा काढता येत नाही. कारण कॅमेऱ्याला पिवळा रंग दिसतो तो लाल आणि हिरव्या वाहिनीच्या बेरजेतून. सकाळच्या तांबूस उजेडात लाल वाहिनी सगळ्यांच्या आधी भरून ओसंडते आणि सरासरी आलेखात ते लपून जाते. उपाय साधा आहे: तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावावा, लाल उजव्या भिंतीला टेकला की अर्धा ते पाऊण स्टॉप खाली यावे. सोनकीच्या फुलांनाही हाच नियम लागतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर यंत्र पिकाच्या सोन्यालाच दोष समजून त्यात निळसरपणा मिसळते; तो दिवसाच्या उजेडावर बांधून टाकावा.

आणि धुके असेल तर मात्र उलटे. उल्हास नदीच्या काठावर नोव्हेंबरच्या सकाळी पांढुरका थर बसतो. मीटर त्या पांढऱ्याला करडे करायला निघतो, चित्र मळकट होते. इथे पाऊण ते एक स्टॉप वाढवावे लागते.

काळ्या दगडाला उणे, पिकल्या भाताला लाल वाहिनी सांभाळून थोडे उणे, धुक्याला अधिक. तीन जागा, तीन निर्णय, आणि तिन्ही ठिकाणी यंत्राचा अंदाज चुकीचा. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमाराला झोन पद्धत मांडली ती याच प्रश्नावर: समोरची वस्तू किती उजळ दिसायला हवी हे माणसाने ठरवायचे आणि मग माप घ्यायचे. तंत्र बदलले, फिल्म जाऊन सेन्सर आला, पण तो निर्णय अजूनही माणसाचाच आहे. जो तो यंत्रावर सोडतो त्याला नंतर रंगाची पट्टी उजवीकडे ओढावी लागते, आणि आधीच भरलेली लाल वाहिनी आणखी फुटते. मग बदलापूरचे भात केशरी प्लॅस्टिकसारखे दिसते आणि लोक म्हणतात, इथले रंग खोटे वाटतात. ते रंग शेतात खरेच होते. खोटे झाले ते नंतर, पट्टी ओढताना.

‘तारा आणि इमारतींतून चौकट कशी बांधणार?’

आता रचना. इथे दोन गोष्टी एकत्र गुंतल्या आहेत: एक तंत्राची, दुसरी वृत्तीची.

तंत्राची आधी. निसर्गचित्र म्हणजे रुंद लेन्स, हा समज इतका घट्ट बसला आहे की बदलापूरला येणारा जवळजवळ प्रत्येक जण २४ मिलिमीटर लावूनच उभा राहतो. चंदेरी बदलापूरपासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. त्या लेन्सवर तिची उंची चौकटीच्या दहाव्या भागाइतकीही भरत नाही. डोळ्याला भव्य वाटलेला सुळका फोटोत टेंगूळ होतो आणि खाली मैलभर रिकामी जागा उरते. १३५ मिलिमीटरला तोच सुळका चौकटीची एक तृतीयांशाहून जास्त उंची व्यापतो, आणि समोरची शेते, झाडे, घरे त्याच्या पायथ्याशी येऊन बसतात. दुसरे, दिशा पाहा. चंदेरी बदलापूरच्या दक्षिणेला आहे, म्हणून सकाळी ऊन तिच्यावर डावीकडून आडवे पडते आणि सोंडा-घळी उठतात. सूर्याशी काटकोनात पाहिले की पोलरायझर सर्वांत जास्त काम करतो. चंदेरीकडे तोंड केल्यावर नेमका तो कोन मिळतो. मलंगगड नैर्ऋत्येला आहे आणि दिवाळीच्या दिवसांत सूर्य त्याच बाजूला कलतो. संध्याकाळी त्याची काळी आकृतीच मिळेल, गवताचे सोने मिळणार नाही. ते हवे तर सकाळी यावे. संध्याकाळी मलंगकडे तोंड करून शेकडो सारखे फोटो निघतात, तेव्हा त्याच क्षणी पाठीमागे बारवीकडच्या टेकड्यांवर पडलेला उजेड कुणी पाहतच नाही.

चौकटीच्या तीन भागांचा नियम घ्या. या नियमाला नाव मिळाले ते जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराच्या १७९७ सालच्या पुस्तकात, ग्रामीण दृश्यांतल्या उजेड-सावलीच्या प्रमाणाविषयी लिहिताना. तो निसर्गाचा कायदा नाही, एका जागेवरचा एक चांगला अंदाज आहे. आपल्याकडे ऑक्टोबरच्या सकाळी नऊ वाजता आकाश पांढरे पडते. त्याला चौकटीचा तिसरा हिस्सा दिला तर तेवढा कागद कोरा ठेवल्यासारखे होते. त्याला बोटभर पट्टी द्यावी, नाहीतर अजिबात देऊ नये. आणि परतीचा पाऊस येतो तेव्हा उलट करावे. दुपारी तीननंतर डोंगरामागून ढग चढतात, वर पसरतात, पूर्वेला काळोख आणि पश्चिमेला उन्हाची फट. तेव्हा दोन तृतीयांशच काय, चार पंचमांश चौकट आकाशाला द्यावी आणि एक्सपोजर उन्हातल्या ढगाच्या कडेवर बांधावे. असे नाट्य चिनारांच्या देशात क्वचितच मिळेल.

आता वृत्ती. तार दिसली की जागा बदला, चिमणी दिसली की क्रॉप करा, टॉवर दिसला की नंतर पुसून टाका. या सल्ल्याने काय होते? अंबरनाथच्या एमआयडीसीलगतचा डोंगर कुठल्याही जंगलातला डोंगर होतो. बदलापूरचे भात कुठल्याही गावातले भात होते. चित्र सुंदर होते आणि पत्ता हरवतो. ज्या जागेत तीन शहरे, औद्योगिक वसाहती, हजार वर्षांचे मंदिर, नदी आणि किल्ले एकाच नजरेत येतात, त्या जागेचे वैशिष्ट्यच आपण कापून टाकतो.

हा प्रश्न जगात आधी येऊन गेला आहे. १९७५ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर इथल्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये ‘न्यू टोपोग्राफिक्स’ हे प्रदर्शन भरले. त्यातल्या रॉबर्ट ॲडम्सने कोलोरॅडोच्या पर्वतांसमोर उभ्या राहिलेल्या नव्या घरांच्या वसाहती पूर्ण गांभीर्याने टिपल्या होत्या; पर्वत आणि वसाहत दोन्ही एकाच चौकटीत, एकाच उजेडात. निसर्गचित्राची व्याख्या तिथे बदलली. आपल्या मुंबईत मित्तर बेदी यांनी कारखान्यांच्या चिमण्या, टाक्या, पाइप यांत रचना शोधून दाखवली. म्हणजे अडचण चिमणीची कधीच नव्हती. ती चौकटीत कुठे ठेवायची याचा विचार करायला आपण कंटाळलो, ही अडचण आहे.

तो विचार अवघड नाही. तार चौकटीत येणारच असेल तर ती सुळक्याला छेदू नये, एका कोपऱ्यातून शिरून दुसऱ्यातून जावी, म्हणजे ती रेषेचे काम करते. उल्हासनगरच्या कुठल्याही उंच गच्चीवरून पाऊस सरल्यावरच्या स्वच्छ सकाळी मलंगगडाची रांग दिसते. समोर पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, पत्र्याची छपरे. लांब लेन्सने टाक्यांच्या ओळी आणि रांगेची कड एकमेकींना समांतर आणल्या तर ते चित्र फक्त उल्हासनगरचे होईल. हे शहर ८ ऑगस्ट १९४९ रोजी सी. राजगोपालाचारींच्या हस्ते, सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या माणसांसाठी, जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर वसले. आजही त्याचे भाग कॅम्प क्रमांकांनीच ओळखले जातात. अशा शहराच्या क्षितिजावरचा डोंगर हा नुसता डोंगर राहत नाही. आणि वालधुनी पाहा: मलंगच्या रांगेकडून निघते, अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहते, उल्हासनगरच्या वस्तीतून आणि सांडपाण्यातून जाते आणि कल्याणजवळ खाडीला मिळते. उगमाकडे काठावर कुर्डू फुललेला, खाली फेस आलेला. एकाच नदीची, एकाच आश्विनातली, एकाच उंचीवरून काढलेली चित्रांची मालिका कुणी केली तर तिच्या तोडीचे काम काश्मीरला जाऊन होणार नाही.

रचनेत शेवटी येते ती रीत. पिकलेल्या भातात पाय घालायचा नाही. लोंबीला धक्का लागला की दाणे गळतात, आणि ते कुणाच्या तरी वर्षाच्या कष्टांचे असतात. बांधावरूनच काम करावे, “काका, इथे उभा राहू का?” असे विचारून. परतीच्या पावसाने भात आडवे पडले असेल तर तो फोटोही घ्यावा, पण त्या माणसाशी दोन शब्द बोलून. जे सल्ले चौकटीतून माणूस वगळायला सांगतात त्यांनी हे कधी शिकवलेले नसते.

जे मान्य आहे ते

विरोधकांचे काही म्हणणे बरोबर आहे आणि ते मी लपवणार नाही. या पट्ट्यातली हवा वाईट आहे. दिवाळीनंतरच्या दिवसांत धूर आणि धूळ मिळून असा पडदा तयार होतो की चंदेरी पुसट होते, आणि धुळीच्या त्या पडद्यावर पोलरायझरचा फारसा इलाज चालत नाही. चिनार सुंदर असतात, आणि ज्याला जमेल त्याने काश्मीर जरूर पाहावे. तिथे जाऊ नका असे मी म्हणत नाही. तिथे गेल्याशिवाय शरद मिळत नाही, हे विधान मी खोडून काढतो आहे. धुराच्या पडद्यातही एकामागे एक पुसट होत जाणाऱ्या डोंगररांगा मिळतात, आणि तो पडदा स्वतः या जागेचा पुरावा आहे. तो नंतर सॉफ्टवेअरने साफ करून टाकणारा माणूस हवेच्या प्रश्नावर पांघरूण घालतो.

हे एवढे जिव्हाळ्याने का सांगतो

कारण वेळ कमी आहे. जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ साली ९७,९४८ होती आणि २०११ साली १,७४,२२६ झाली. त्यानंतर किती वाढली ते स्टेशनच्या पुलावर सकाळी उभे राहिले की कळते. ही वाढ ज्या जमिनीवर झाली तिच्यातली बरीचशी भातखाचरे होती. जी आज हळव्या-गरव्याचे तीन रंग दाखवतात, त्यांतली कित्येक पुढच्या काही वर्षांत पार्किंगखाली जातील. घरे हवीत, माणसे येणारच, त्याला माझा विरोध नाही. पण ती शेते कशी दिसत होती, चंदेरीचा उतार कुठल्या गावातून कसा दिसायचा, याची नीट उजेडातली, नीट चौकटीतली नोंद आपण ठेवली नाही, तर ती दुसरे कुणीही ठेवणार नाही. बाहेरचे लोक इथे शरद शोधायला येणार नाहीत. ते काम आपल्यावरच पडते, आणि आपण ते टाळतो आहोत, हे ‘इथे काही नाही’ असे म्हणून.

म्हणून या आश्विनात शिकवणाऱ्यांनी एक करावे. कार्यशाळा सकाळी आठला संपवू नये, ती दुपारी दोनला अंबरनाथच्या दक्षिण भिंतीसमोर न्यावी. शिकणाऱ्यांना रुंद लेन्स बाजूला ठेवायला लावून चंदेरी टिपायला सांगावी. प्रत्येकाने घराजवळची एक जागा निवडावी, तिची तारीख, वेळ आणि दिशा लिहून ठेवावी आणि दरवर्षी कोजागरीच्या आसपास तिथूनच, त्याच लेन्सने, तोच फोटो काढावा. तारा, टॉवर, सगळे आत ठेवून. शाळांच्या आणि वाचनालयांच्या भिंतींवर ते फोटो जागेच्या नावासह लागावेत. दहा वर्षांनी त्या चित्रांत आपल्याला शरदही दिसेल आणि आपण तो किती शिल्लक ठेवला, हेही दिसेल. या दोन्ही गोष्टी दाखवू शकेल असे चित्र काढायला शिकणे, हाच मला छायाचित्रणातल्या सुधारणेचा अर्थ वाटतो, आणि त्यासाठी आपल्या या तीन गावांइतकी योग्य शाळा दुसरी नाही.